टाकीकडचा गोल

परवा सकाळी नात पेपर वाचत होती. फुटबॉलच्या जागतिक सामन्यांवर कुणा विद्वानाने पानभर लिहिलं होतं. तेच ते चार-पाच देश पुन्हा पुन्हा का जिंकतात, आणि नव्या देशांनी वर यायचं तर काय करावं, असा विषय. नातीने मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात पैसा होता, परंपरा होती, प्रशिक्षण होतं. मी म्हटलं, "हा माणूस राखेच्या ढिगावर कधी बसलेला दिसत नाही."

नातीने माझ्याकडे असं बघितलं, जणू आजीला आता डॉक्टरांना दाखवायला हवं. म्हणून हे लिहून ठेवते. डॉक्टरांनीही वाचावं.

माझे वडील लोणावळ्याला इंजिनशेडात मिस्त्री होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिनं तिथे दुरुस्तीला येत. त्यांच्या भट्टीतली राख शेडामागे ओतत, तिचा एक डोंगरच झाला होता. आम्ही पोरी त्यातले अर्धवट जळालेले कोळसे वेचायला जायचो. ढिगापलीकडे रेल्वेच्या साहेबलोकांचं फुटबॉलचं मैदान. मैदानाभोवती बांबूच्या तट्ट्या, पण ढिगाच्या शेंड्यावर बसलं की तट्ट्यांवरून आतलं दिसायचं. सगळं नाही. डाव्या अंगाला साहेबांच्या क्लबाचं कौलारू छप्पर आडवं यायचं, त्यामुळे अर्धंच मैदान दिसे. दिसणाऱ्या अर्ध्या भागात एक गोल होता. त्याच्या मागे चार लोखंडी पायांवर उभी इंजिनांची पाण्याची टाकी.

हे अर्धं मैदान बघून मी फुटबॉल पूर्ण शिकले.

माझ्या अभ्यासानुसार खेळ असा होता. शिट्टी वाजली की साहेब पाहुण्या संघाला रेटत टाकीकडे आणायचे आणि जाळीत चेंडू मारत राहायचे. मग मध्यंतर. मध्यंतरानंतर खेळ संपायचा. सगळे क्लबामागे चहाला निघून जायचे आणि टाकीकडच्या गोलात एकच साहेब पाइप ओढत उभा राहायचा, राखणीला. छपरामागून मधूनमधून टाळ्या ऐकू यायच्या. मला वाटे, केक चांगला झालेला असणार.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरज अडाण्यांना असते. मी चौथी पास होते. बाजू बदलल्यावर सगळा खेळ छपरामागे चालत असे, कारण साहेबांच्या गोलापर्यंत चेंडू आणणारा संघच कधी आला नाही. यायचा तरी कसा? मैदान साहेबांचं, चेंडू साहेबांचा, बूट साहेबांचे, शिट्टी वाजवणारा त्यांच्याच हापिसातला. कुठे उतार आहे, कुठे पाणी साचतं, चार वाजता ऊन कुणाच्या डोळ्यांत जातं, हे त्यांच्या तळपायांना पाठ होतं. पाहुण्यांना हे सगळं कळेपर्यंत सहा गोल झालेले असत.

पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी तळेगावजवळ परंदवडीला आले. शेतकऱ्याचं घर. सासूबाई, सासरे, आमचे हे आणि धाकटे भावजी. दोघे भाऊ कुस्ती खेळायचे, हुतूतू खेळायचे. मी आल्याच्या आठवड्यात जाहीर केलं की आमच्या लोणावळ्याला असले आडगावचे खेळ कुणी खेळत नाही, तिथे फुटबॉल असतो, आणि तो मी शिकवते.

आता जाहीर केलं म्हणजे नवऱ्याला सांगितलं असं नव्हे. थोरांच्या देखत नव्या सुनेने नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. मी सासूबाईंना सांगायचे, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, आणि दोन हात अंतरावर बसलेल्या आपल्या लेकाला त्या ते पुन्हा सांगायच्या. आमच्या संघाचं सगळं प्रशिक्षण असं झालं. मी दाराआड, मध्ये आत्याबाई, ओसरीवर खेळाडू.

"आत्याबाई, सांगा त्यांना, चेंडूला हात लावायचा नाही."

"चेंडवाला हात लावायचा न्हाई म्हनती."

"मग काय डोस्क्यानं मारायचा?" आमचे हे.

"डोस्क्यानं मारायचा का, ग?"

"मारतात की, डोक्यानंपण मारतात."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "हिच्या म्हायेरी समदीच तसली दिसत्यात. डोस्क्यानं बी मारत्यात म्हनती, बाबा. तुजं तू बघ."

चेंडू माझ्या वडिलांनी दिला. साहेबांनी फाटला म्हणून टाकून दिलेला. गावातल्या चांभाराने त्याला अशी काही टीप घातली की तो मूळच्यापेक्षा दीडपट जड झाला. हवा भरायला तळेगावला सायकलवाल्याकडे न्यावा लागायचा, आणि घरी येईपर्यंत निम्मी सुटून जायची. पण उडायचा. गावातले अकरा जण जमले. भावजींना मी राखणीला नेमलं, म्हणजे गोलात. मळणीच्या दिवसांत भाताच्या पेंढ्या खालून भिरकावतात आणि गंजीवर उभा असलेला माणूस त्या झेलून रचतो, ते काम भावजींचं होतं. दिवसाला हजारभर पेंढ्या, आणि एक खाली पडायची नाही. त्यांच्या हाताला चेंडू म्हणजे विश्रांतीच होती.

खेळायला सासऱ्यांचा ओढ्याकाठचा पडीक तुकडा मिळाला. मी आत्याबाईंकरवी दोन बांबू रोवून घेतले. दोनच, कारण फुटबॉलला गोल एकच असतो हे मला ठाऊक होतं. त्यामागच्या बांधावर घरातला फुटका रांजण उपडा ठेवायला लावला. ती टाकी. सगळे त्याच दिशेने मारायचे आणि भावजी तिथे उभे राहून झेलायचे. कुणी वाकडा मारला की मी बांधाआडून ओरडायचे, "टाकीकडं!" लाज-लज्जा, पदर, सगळं विसरून. वर्षभरात त्या अकरा जणांच्या पायात हा एकच शब्द भिनला. यांना कुणी झोपेत ढोसलं असतं तरी यांनी रांजणाच्या दिशेने लाथ मारली असती.

सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, हा प्रकार पसंत नव्हता. चांगला तुकडा, ओढ्याचं पाणी जवळ, आणि त्यात बाप्ये उड्या मारतात. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ते म्हणाले, "बास झाला पोरखेळ. त्यात हरबरा करतो."

त्याच सुमारास लोणावळ्याहून वडिलांचा निरोप आला. साहेबांना नाताळाच्या जेवणाआधी कुणाशी तरी सामना खेळायचा होता. नेहमीचे संघ हरून कंटाळले होते. नवं गिऱ्हाईक पाहिजे होतं. वडिलांनी आमचं नाव सुचवलं.

आमच्या ह्यांनी बापाच्या पायांवर डोकं ठेवलं, तुकडा ठेवा म्हणून. मामंजी पान लावत बसले. पान तोंडात गेल्यावर म्हणाले, "मी जास्ती मागत न्हाई. जिंकाय तर तुमी न्हाईच. साहेबाला एक गोल घाला. एक. घातला तर तुकडा तुमचा. न्हाई घातला तर दुसऱ्या दिशी नांगर."

त्या रात्री घराने तुकडा गेलाच असं धरलं. मी मात्र निर्धास्त होते. एक गोल म्हणजे काय अवघड? टाकी तर तिथे खरीखुरी होती.

सामन्याला आम्ही बैलगाडीने तळेगाव स्टेशनला आणि तिथून रेल्वेने लोणावळ्याला गेलो. पुरुष तट्ट्यांपाशी उभे राहिले. आत्याबाईंना मी मोठ्या मानाने राखेच्या ढिगावर नेलं. राजवाड्याचा सज्जा दाखवावा तशी म्हटलं, "इथून सगळं दिसतं."

"काळं समदं दिसतंय," आत्याबाई लुगडं झटकत म्हणाल्या.

आमचे गडी धोतराचा काचा मारून अनवाणी उतरले. पंच साहेबाने नाणं उडवलं, ते आमच्या बाजूने पडलं. कुठल्या बाजूला मारणार, असं हातवारे करून विचारल्यावर आमच्या ह्यांनी हात लांब केला आणि सबंध लोणावळ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "टाकी!" माझा ऊर भरून आला.

शिट्टी झाली. सगळे छपरामागे गेले ते गेलेच. टाकीकडच्या गोलात एक साहेब पाइप पेटवून उभा राहिला. तिकडून टाळ्या झाल्या. थोड्या वेळाने पुन्हा.

"काय चाललंय, ग?" आत्याबाई.

"चहा पितायत."

"येवढ्या लौकर?"

"साहेबांचं सगळं वेळेवर असतं."

चार वेळा टाळ्या झाल्या. चार गोल खाल्ले होते आम्ही, आणि मी सासूला सांगत होते की केक चांगला झाला असावा.

मध्यंतर झालं. पंचाने आमच्या गड्यांना हाताने सांगितलं, आता तिकडून इकडे. आमचे हे जागचे हलेनात. त्यांचा आवाज ढिगापर्यंत आला, "का म्हून? टाकी आमची ठरलीया!" बांध सरकवणाऱ्या शेजाऱ्याशी बोलतात तो आवाज होता. माझे वडील धावत गेले, काहीतरी सांगितलं, तेव्हा सगळे कुरकुरत जागा बदलून उभे राहिले. पण जागा बदलल्या म्हणून पायातलं बदलत नाही.

आता टाकीच्या गोलात भावजी येऊन उभे राहिले.

"आगं, आपला धाकटा हितं कसा?"

"राखणीला," मी म्हटलं. "दुसऱ्या डावात एकाला ठेवतात."

पण या वेळी राखणीला एकटं कुणी सोडेना. साहेबांची झुंड आली आणि टाकीकडे मारायला लागली. माझं शास्त्र थोडं डळमळलं, मग लगेच सावरलं. टाकी आमची, म्हणजे टाकीकडे गेलेला प्रत्येक गोल आमचा. साहेब चुकून आमचेच गोल करत होते. मी बोटं मोडून मोजायला लागले, "आत्याबाई, आपला एक झाला. दोन झाले!"

आत्याबाई बराच वेळ खाली बघत राहिल्या. भावजी डावी-उजवीकडे झेपा घेत होते, पेंढ्या झेलाव्या तसे चेंडू झेलत होते, गुडघे फुटून रक्त आलं होतं.

"आपलेच गोल होत असत्याल," आत्याबाई म्हणाल्या, "तर आपला पोरगा आडवतोय कशापायी?"

हे चौथीच्या पुस्तकात नव्हतं. आणि विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात गर्दीतून चेंडू आमच्या ह्यांच्या पायात आला. त्यांनी मान वर केली. समोर टाकी दिसली.

मी उभी राहिले आणि पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आलेला असताना, माहेरच्या सगळ्या इंजिनशेडासमोर, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला थेट हाक दिली. "टाकीकडं! टाकीकडं मारा!"

ते निघाले. साहेबांनी बघितलं आणि अदबीने बाजू दिली. एकाने तर टोपी काढली. ह्यांना वाटलं, भ्याले. आमचे बाकीचे गडी मागून "टाकीकडं, टाकीकडं" करत पळत होते. पुढे भावजी. भावजींना सगळं कळलं होतं, ते नंतर त्यांनीच सांगितलं. पण थोरला भाऊ जोरात येतोय, त्याच्या आडवं कसं व्हायचं? वाड्याच्या दारात सरकावं तसे भावजी एक पाऊल बाजूला सरकले आणि मान खाली घातली.

ह्यांनी असा चेंडू मारला की जाळी फाटून तो टाकीच्या लोखंडी पायावर वाजला.

मामंजींनी पागोटं उडवलं. ते तट्टीपलीकडे पडलं, तरी त्यांना भान नव्हतं. ओळखदेख नसलेल्या साहेबाला ते मिठी मारायला निघाले. सगळे साहेब टाळ्या वाजवत होते. मी ढिगावर नाचत होते आणि राख उडून आत्याबाई खोकत होत्या. एवढ्यात वडील ढिगाच्या पायथ्याशी आले. मिश्या थरथरत होत्या. म्हणाले, "कार्टे, खाली ये. तो गोल आपण आपल्यावरच केलाय."

मग त्यांनी मला राखेत बोटाने चौकोन काढून, दोन्ही टोकांना दोन गोल दाखवून, फुटबॉल शिकवला. पाच मिनिटं लागली.

परतीच्या गाडीत मामंजी खुशीत होते. लोणावळ्याच्या बाजारातून सगळ्यांना गूळदाणी, म्हणजे आताची चिक्की, घेतली होती आणि स्वतःच्या हाताने वाटत होते. गडी माना घालून चघळत होते. मामंजी सोडून सत्य सगळ्यांना कळलं होतं, आणि गप्प बसलं की तुकडा वाचतो हेही सगळ्यांना कळलं होतं. आत्याबाईंनी माझ्या मांडीला चिमटा काढून ठेवला होता, आधीच, खबरदारी म्हणून.

खडकाळा स्टेशन गेलं तशी मामंजी म्हणाले, "ह्योच का तो साहेबाचा अवघड खेळ? सोपा तर हाय. चेंडू घ्यायचा आन् टाकीकडं मारायचा. ह्यात शिकवण्यासारकं काय हाय?"

इतका वेळ मी सगळं सहन केलं होतं. पण शिकवण्यासारखं काही नाही? त्या खेळात? ज्याचं पूर्ण ज्ञान मला होऊन दोन तास झाले होते? माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले: "आत्याबाई, मामंजींना सांगा, तेवढा सोपा नाही. त्यात दोन गोल असतात. आपण आपल्याच गोलात मारला."

आत्याबाईंनी निरोप पुढे पोचवला नाही. गरजच नव्हती. मामंजींनी हातातली गूळदाणी पुन्हा कागदात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी बैल जुंपले. नांगर नेहमी कडेने धरतात, पण रागाच्या भरात त्यांनी तो तुकड्याच्या मधोमध घातला. एक तास, म्हणजे नांगराची रेघ, आडवं गेलं, मागोमाग त्याच्या बाजूने दुसरं. गडी बांधावर मयताला आल्यासारखे उभे होते. आमचे हे बापाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी घरातून कधी बाहेर आले आणि रांजणामागे कधी लपले, मला आठवत नाही.

तेवढ्यात ओढ्याकडून माझे वडील येताना दिसले. पहिल्या गाडीने निघून तळेगावाहून चालत आले होते. त्यांनी मामंजींना राम राम घातला आणि म्हणाले, "साहेबांनी धाकट्याला बोलावलंय. शेडात खलाशी म्हणून, मिस्त्रीच्या हाताखाली, घेतो म्हणतायत. सोमवारपासून. आणि शनिवारी त्यांच्या संघात गोलात उभं राहायचं."

मामंजींनी बैल थांबवले. "नऊ गोल खाल्ले त्यानं."

"त्यानं नसते अडवले तर पंचवीस झाले असते. साहेबाला ते दिसलं."

मामंजींनी नांगराच्या रुमण्यावर हात ठेवला. आमच्याकडे भात असं करतात: राब, म्हणजे रोपाचा वाफा, भाजून त्यात रोप वाढवायचं आणि पावसात उपटून खाचरात लावायचं. ते जणू बैलांशीच बोलले, "म्हंजी रोप आमी वाडवायचं, आन् लावायचं साहेबाच्या खाचरात. म्हून तर त्याचं खाचर दर साली भरल्यालं."

विद्वानाच्या पानभर लेखात मला हे वाक्य कुठे सापडलं नाही.

भावजी पुढे आले. जायचं होतं त्यांना, ते तोंडावर दिसत होतं. पगार, बूट, लोणावळा. मामंजींनी त्यांना खालून वर न्याहाळलं.

"जा. न्हाई म्हनत न्हाई. पन दर आयतवारी हितं यायचं. तितं जे काय शिकशील ते समदं हितं वतायचं. एक आयतवार चुकला तर मी सोता येऊन तुला साहेबाच्या म्होरनं कान धरून आणीन."

"आन् नांगर, आबा?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"रोप चांगलं आलं का न्हाई? आलं. मंग राबात कुनी हरबरा पेरतं व्हय?" आणि त्यांनी बैल सोडले.

पहिल्या रविवारी भावजी रेल्वेचे बूट घालून आले. चालताना बदकासारखे दिसत होते. गडी रांजणाकडे तोंड करून रांगेत उभे राहिले, सवयीने. भावजींनी खांद्यावर दोन बांबू आणले होते, ते घेऊन तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि रोवले. मामंजींनी नांगरलेली दोन तासं बरोबर मधोमध पडली होती, ती मैदानाची मधली रेघ म्हणून कामाला आली. ती मिटली की मामंजी आपणहून नांगर घेऊन यायचे आणि कुरकुरत पुन्हा ओढून द्यायचे.

नातीला सांगून ठेवते, पुढच्या नाताळात साहेबच जिंकले. त्यांच्या गोलात आमचे भावजी होते, आणि या वेळी ते कुणासाठी सरकले नाहीत. त्यापुढच्या वर्षीही साहेब जिंकले. तिसऱ्या वर्षी आमच्या ह्यांनी त्यांना खराखुरा एक गोल घातला, भावजींच्या हाताखालून, आणि रेल्वेने मग त्यांनाही नोकरी देऊ केली. मामंजी म्हणाले, एका घरातनं एकच रोप.

रांजण मात्र आत्याबाईंनी त्याच पहिल्या रविवारी बांधावरून उचलून आणला आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. पुढे वीस वर्षं, मी कुणाला काही शिकवायला तोंड उघडलं की त्या हातातलं काम थांबवायच्या आणि त्या रांजणाकडे बघायच्या.